रॉकेलातलं कुंकू

भंडारा,
१० ऑगस्ट १९७८

दादा,

नमस्कार. घ्यायचा नसेल तर घेऊ नकोस, पाकिटातच राहू दे. राखीला सोबत होईल.

राखीचा गोंडा फार मोठा आहे म्हणून नाक मुरडू नकोस. तो निर्मलामावशीनं निवडलाय. मी तिच्या घरी राहते, तिचं खाते, तेव्हा गोंड्याच्या बाबतीत तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला माहीत आहे. आईला मात्र तुझी पत्रं येतात. त्यात गाईची चौकशी असते, धानाच्या बांधीत लावलेल्या पऱ्ह्यांची असते, शेजारच्यांच्या म्हाताऱ्याच्या खोकल्याचीसुद्धा असते. माझं नाव नसतं. मागच्या रविवारी आसगावला गेले तर आई म्हणाली, "गाईचं पुसते पोट्टा, बहिनीचं नाई. तू गाय असती तं बरं होतं वं." मी म्हटलं, मग तू मला एकोडीला कशी दिली असतीस, खुंट्याला बांधून? त्यावर ती हसली आणि मग हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं.

साक्षगंध मोडलं याचा तुला राग आहे. एकोडीच्या मंडळींना तू शब्द दिला होतास, चार माणसांत तुझी मान खाली गेली, हे मला कळतं. पण "लग्नानंतर नोकरी बंद" ही गोष्ट त्यांनी मी पाटावर बसल्यावर सांगितली, म्हणून मला पाटावरूनच उठावं लागलं. आधी सांगितली असती तर मी बसलेच नसते, सगळ्यांचीच सोय झाली असती. तू भरल्या ताटावरून उठलास आणि दारात चपला घालताना म्हणालास, "दिवाळीपर्यंत पायतो. त्या मारोतरावाचे डबे गळनं थांबले तं कर खुशाल नोकरी. नाई थांबले तं मुकाट्यानं एकोडीले हो म्हनशील." मी लगेच "कबूल" म्हटलं. तुझ्यापुढे कबूल म्हणायची मला लहानपणापासूनची खोड आहे.

आता तू विचारलं नाहीस तरी आमच्या डब्यांची हकिकत सांगते. भिलाईला तू एवढा मोठा वेल्डिंगचा फोरमन, तुला ऐकायला हरकत नाही.

मारोतराव डेअरीसाठी दुधाचे कॅन करतात, ॲल्युमिनिअमचे. आई त्याला अजून "जर्मनचे डबे" म्हणते. पत्रा वळवायचा आणि आर्गन वायूच्या वेल्डिंग मशीनवर जोड द्यायचा. जोड देताना दिसतो सुंदर, पण थंड होता होता मधोमध तडकतो. दुधावर साय धरत असताना भांडं हलवलं की साय फाटते ना, तसंच. मधला रस धड पातळ नसतो, धड घट्ट नसतो, आणि दोन्हीकडचा पत्रा आकसून त्याला ओढतो. म्हणून नागपूरच्या एका इंजिनिअरनं मारोतरावांना सांगितलं की आधी परीक्षा घ्या, मग डबे करा. परीक्षा घ्यायला बी.एस्सी. झालेलं माणूस हवं होतं. भंडाऱ्यात तेव्हा रिकामं असलेलं बी.एस्सी. मीच.

परीक्षेचं नाव ऐकून तुला गंमत वाटेल. मासोळीचा काटा! पट्टीला दोन्ही कडांनी चिरा द्यायच्या, मुंडक्याकडे लहान, शेपटीकडे मोठ्या, म्हणजे ती थेट काट्यासारखी दिसते. मग मधोमध जोडाची रेघ ओढायची. मुंडक्याकडे ताण जास्त म्हणून तडा तिथे सुरू होतो, आणि शेपटीकडे जाता जाता कुठेतरी थांबतो. लवकर थांबला तर पत्रा चांगला. शेपटीपर्यंत गेला तर भोग आपल्या कर्माची फळं. तळ्यावर बसून काटा कसा काढायचा ते मला तूच शिकवलंस, आता माझा पगार त्यावरच चालतो.

सध्या डबे थोडेसेच गळतात. काळजी नसावी.

तुझी,
चंद्रकांता

*

भंडारा,
६ सप्टेंबर १९७८

दादा,

पोळा छान झाला. आपल्या जोडीला तोरणाखाली उभं करायला तू नव्हतास, म्हणून शेजारच्यांनी नेली. तुझ्या बैलानं त्यांच्या धोतराचा सोगा खाल्ला. मी त्याला शाबासकी दिली.

डबे गळतात असं मी मागं लिहिलं होतं. त्यात थोडी भर घालते. डेअरीनं सगळे डबे परत पाठवले. गावाला जाऊन आलेल्या पाहुण्यांसारखे ते अंगणात ओळीनं बसलेत. मारोतराव रोज सकाळी त्यांच्यासमोर उभे राहतात, मग माझ्या खोलीकडे बघतात. खोली म्हणजे गोदामाचा कोपरा, पण दारावर मी "परीक्षा विभाग" असं खडूनं लिहिलंय.

आमचे वेल्डर भय्याजी. त्यांच्या मिशा पाहिल्यास तर तुला तुझ्या मिशीची लाज वाटेल. ते कुणाचं ऐकत नाहीत. म्हणतात, "माह्या हातचा जोड फाटत नाई बाई. पत्रा फाटते." मी म्हटलं, भय्याजी, फाटतो तर जोडातच. तर म्हणाले, "मंग तो जोड पत्र्याच्या संगतीनं बिघडला." यावर कोणत्या विद्यापीठात उत्तर मिळेल ते कळव.

तरी आमचं जमतं. मी पट्ट्या कापून आणते, ते रेघ ओढतात, मग दोघं डोकं लावून तडा किती लांब गेला ते पाहतो. हळू ओढून पाहिली, भरभर ओढून पाहिली. पत्रा ब्रशनं घासून पाहिला. आधी शेगडीवर तापवून पाहिला. आणि काल, दादा, काल जमलं! तापवलेल्या पट्टीवर तडा पहिल्या चिरेपाशीच थांबला. भय्याजींनी मिशीवर हात फिरवला, मारोतरावांनी जिलेबी मागवली, आणि ती पट्टी त्यांनी गणपतीच्या तसबिरीजवळ ठेवून दिली. आता सगळे डबे याच रीतीनं करायचे, दिवाळीच्या आधी डेअरीचे साहेब पाहायला येतील.

म्हणजे पैज मी जिंकल्यात जमा आहे. एकोडीला तूच कळव, माझं अक्षर त्यांना आवडणार नाही. जिलेबी तुझ्या वाटणीची मीच खाल्ली.

चंद्रकांता

*

भंडारा,
१४ ऑक्टोबर १९७८

दादा,

दसऱ्याचं सोनं सोबत आहे. आपट्याचं पान घडीत मोडलं असेल तर ते पोस्टखात्यानं मोडलं. आपल्यातलं जे मोडलंय त्याच्यात हे मिळवू नकोस.

जिलेबी देवानं परत मागितली. कशी ते ऐक.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. भय्याजी सकाळीच आंघोळ करून आले आणि मशीनला, सिलिंडरला, हातोड्याला, माझ्या फूटपट्टीलासुद्धा कुंकू लावत सुटले. पण गुळगुळीत पत्र्यावर कोरडं कुंकू टिकेना. तेल सापडलं नाही, म्हणून त्यांनी ते हाताशी असलेल्या रॉकेलात कालवलं! आणि ती पास झालेली पट्टी, आमची लक्ष्मी, तिला तर भरघोस मळवट भरला. मुंडक्यापासून शेपटीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी पुसून घेतली. सगळं कुंकू निघालं, पण जोडाच्या मधोमध एक लाल रेघ राहिली, केसाएवढी बारीक. पुन्हा पुसली, पुन्हा दिसली. भिंतीला लावायचा चुना पडला होता, तो पातळ करून वर फासला. चुना वाळत गेला तशी रेघ आतून उमटत गेली. पहिली चीर ओलांडून, दुसरी ओलांडून, पार शेपटीपर्यंत. आम्ही डोळ्यांनी पाहून "थांबला" म्हणत होतो तो तडा थांबला नव्हताच. तो आपला चोरपावलांनी पुढे गेला होता.

भय्याजी म्हणाले, "देवानं नापास केलं." मारोतराव तडक अंगणात गेले. नवे डबे पाण्यानं भरून पाहिले, ते पाझरत होते.

मी रडले नाही. डोळ्यांत रॉकेल गेलं होतं.

एक गोष्ट मात्र झकास झाली. आता आम्ही प्रत्येक पट्टीला रॉकेलातलं कुंकू लावतो, पुसतो आणि चुना फासतो. तुमच्या कारखान्यात याच कामाला परदेशी बाटल्या येतात असं तूच कधीतरी सांगितलं होतंस. आमच्याकडे बाजारातल्या दुकानातून कुंकू येतं. दुकानदार परवा मला विचारत होता, "बाई, इतकं कुंकू नेऊन राहिल्या, घरी कोनाचं लगन हाय?" मी म्हटलं, सध्या तरी माझंच टळायचंय, त्यासाठी चाललंय सगळं.

पण आता काय बदलावं ते सुचत नाही. हात बदलून पाहिला, वेग बदलून पाहिला, आच बदलून पाहिली. पत्रा बदलणं मारोतरावांना झेपणार नाही, सगळा माल येऊन पडलाय. जोडात वितळवून भरायची पट्टी तेवढी तीच आहे. ती आम्ही त्याच पत्र्याच्या कडेची कापून घेतो. घरचीच, चोख, वर वायाही जात नाही, तेव्हा तिला दोष कशाला द्यायचा?

मारोतराव म्हणाले, साहेब येऊन नाही म्हणून गेले की परीक्षा विभाग बंद. ते वाईट माणूस नाहीत. सांगताना माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. आणि आईनं कळवलंय की एकोडीची मंडळी अजून थांबून आहेत, दिवाळीनंतर येऊन जातो म्हणतात. मुलगा चांगला आहे असं सगळेच म्हणतात, असेलही. पण दादा, सकाळी गोदामाचं दार उघडलं, कालची पट्टी हातात घेतली, चुना वाळलेला असतो, आणि तिच्यात आज काय लिहून आलंय ते पाहायचं असतं, तेव्हा मला जे वाटतं ते मी कुणासाठी सोडू? तू पहिल्यांदा भिलाईहून आलास तेव्हा जेवता जेवता वितळलेल्या लोखंडाच्या रंगाबद्दल बोलत बसला होतास. आईची भाकरी करपली तरी तुझं संपेना. मला तेच वाटतं, फक्त माझा रंग पांढरा आहे.

पैज मी मोडणार नाही. कबूल म्हटलंय.

चंदा

*

भंडारा,
२८ ऑक्टोबर १९७८

दादा! दादा! दादा!

काल डेअरीचे साहेब आले होते. ते शेवटी सांगते. नाही, आताच सांगते. डबे पास झाले! सगळे! त्यांनी डबा पाण्यानं भरला, आडवा केला, लाथ मारली, मग बैलगाडीवरून खाली सोडायला लावला. डब्याला पोचा पडला. थेंब पडला नाही. साहेबांनी स्वतः खाली वाकून जमिनीवर बोट फिरवलं, ते कोरडं निघालं. मारोतराव त्यांच्यासमोरच माझ्या पाया पडायला निघाले, भय्याजींनी त्यांना धरलं.

आता पहिल्यापासून सांगते.

मागच्या आठवड्यात तुझ्या कारखान्यातला टेकचंद आला. भिलाईहून पवनीला दिवाळीसाठी निघालेला, वाटेत भंडाऱ्याला उतरला. हातात ही एवढी लांब बांबूची नळी. मी विचारलं, काय आहे?

"मले नाई मालूम. तुह्या भावानं, वासुदेवनं देल्लं. म्हने, सांभाळून ने, वाकवू नोको."

"काही म्हणाला का?"

टेकचंदनं जरा विचार केला. "म्हनाला, काई म्हनाला नाई असं सांगजो."

मी किती हसले! निर्मलामावशी धावत बाहेर आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

नळीच्या तोंडाला धानाच्या तणसाचा बोळा होता, पिळून, दोनदा मुडपून बसवलेला. तळ्यावर मासे धरायला जाताना तू गळ असेच बांबूत ठेवायचास, आणि बोळा असाच बसवायचास. ती नळी मी तुझ्यामागून धरून चालायची, आणि बोळा मी काढला तर तू चिडायचास. या वेळी मी काढला. आत चकचकीत सळया, एक मीटर लांबीच्या, जोडात भरायच्या. वर रायपूरच्या दुकानाची चिठ्ठी, तीत सिलिकॉन किती टक्के ते छापलेलं. पत्र नाही, ओळ नाही, तुझं नावसुद्धा नाही. पण माझ्या पत्रातली "घरचीच पट्टी" तू वाचलीस. सगळी पत्रं वाचलीस, लबाडा!

भय्याजी आधी हात लावेनात. "आपली पट्टी असताना बाहेरची सळई काहून?" मी म्हटलं, काट्यावर एक रेघ ओढून तर पाहा. त्यांनी ओढली. पट्टी थंड होऊ दिली. मग कुंकू लावलं, पुसलं, चुना फासला, आणि मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. पाहवत नव्हतं. थोड्या वेळानं आतून भय्याजींची हाक आली, "बाई, या तं खरं."

मुंडक्याशी तिळाएवढी लाली होती. पुढे सगळं पांढरं. स्वच्छ पांढरं, दादा, शेपटीपर्यंत! एकदा झालं म्हणून मी विश्वास ठेवला नाही, मागची जिलेबी आठवत होती. पुन्हा केली, पुन्हा केली, तीच गोष्ट. मग सगळे डबे याच सळयांनी जोडले. पुस्तकात पाहिलं तेव्हा समजलं. सिलिकॉनवाला रस शेवटपर्यंत थोडा पातळ राहतो, आणि जोड फाटायला लागला की वाहत जाऊन फट भरून काढतो. आमच्या घरच्या पट्टीला ते येत नव्हतं, ती पत्र्याच्याच वळणावर गेलेली. भय्याजींनी तर पुस्तक न उघडताच निकाल दिला. म्हणाले, "पत्रा अन् पट्टी एकाच देवकाचे. सोयरीक जमन कशी?" आता येईल त्याला ते हेच सांगतात, जणू देवक त्यांनीच आधी विचारलं होतं.

माझी नोकरी पक्की झाली. परीक्षा विभागाची पाटी खडूची होती, ती मारोतराव रंगानं लिहून देणार आहेत.

मग मी एकटी बसून विचार केला. पैज तुझी. डबे गळत राहिले असते तर तू जिंकला असतास, एकोडीला दिलेला शब्द राहिला असता, चार माणसांत मान वर झाली असती. तुला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर तू पटाईत. तरी रायपूरला गेलास, सळया शोधल्यास, बांबू कापलास, तणीस कुठून आणलंस देव जाणे. स्वतःची जिंकत आलेली पैज स्वतःच्या हातानं हरलास.

या वेळी मला रॉकेलाचं निमित्त सांगायचं नाही. मी रडले. मावशीच्या पदरात तोंड घालून भरपूर रडले आणि मग दोन वाट्या खीर खाल्ली.

एक अडचण झालीय. भाऊबीजेला आधी बहीण ओवाळते, मग भाऊ ओवाळणी घालतो, अशी आपली रीत. तू ओवाळणी आधी पाठवून बसलास. ती मी घेतली, वापरलीसुद्धा, परत करता येणार नाही. म्हणजे ओवाळणं माझ्याकडे बाकी आहे. मी आसगावला पाट मांडून ठेवते. तू येऊन बस. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, कपाळ तेवढं घेऊन ये.

तुझी,
चंदा

*

भंडारा,
६ नोव्हेंबर १९७८

दादा,

पोचलास का? आईनं दिलेल्या अनारशांचा डबा आमच्याकडचाच होता. गळला नसेलच.

तू समोर असताना जे झालं तेच तुला लिहून कळवणं वेडेपणाचं आहे, पण मला लिहिताना पुन्हा हसायला मिळतं, म्हणून लिहिते. तू आलास, आईच्या पाया पडलास, गाईच्या पाठीवर हात फिरवलास, आणि माझ्याकडे न बघता पाटावर येऊन बसलास. मी घाईघाईत पिशवीतून कुंकवाची डबी काढली ती कारखान्यातली निघाली. मला पत्ता नाही. मी आपली बोट बुडवून तुझ्या कपाळावर भलामोठा टिळा ओढला. तू नाक वर केलंस, इकडेतिकडे हुंगलंस, आणि इतक्या महिन्यांत माझ्याशी पहिला शब्द बोललास.

"राकेल!"

मग आई हसली, मी हसले, आणि तू तर असा हसलास की निरांजन विझलं. कुंकू ओघळून नाकाच्या शेंड्यावर आलं. आई म्हणाली, "आता याले चुना लावा, म्हंजे काम पुरं होईन." एकोडीला तू स्वतः जाऊन सांगून आलास, आणि त्यांनी तुला चहा पाजून परत पाठवलं, हे मला आईकडून नंतर कळलं. माझ्याजवळ तू अवाक्षर काढलं नाहीस. त्यांच्या मुलाला चांगली बायको मिळो, अगदी मनापासून म्हणते.

दुपारभर तू माझी पट्टी उजेडात धरून उलटीसुलटी पाहत होतास, नख फिरवत होतास. मला वाटलं, आता फोरमनसाहेब खोट काढणार. तू एवढंच म्हणालास, "जमलं वं तुले." भय्याजींच्या मिशांबद्दल मात्र तू जे बोललास ते मी त्यांना सांगितलेलं नाही. अजून त्यांच्याकडून डबे करून घ्यायचेत.

तर पत्राचं कारण हे. एस.टी. सुटताना तू खिडकीतून कपाळावर बोट ठेवून ओरडलास, "काय वं चंदे, पुसून पायलं होतं ना? कुठं तडा दिसला का?" मी उत्तर देईपर्यंत गाडी धूळ उडवत निघून गेली, आणि शेजारच्या बाईनं मला विचारलं की तुझा भाऊ कुठून पडला होता का.

तुझं कपाळ मी माझ्या पदरानं पुसलं तेव्हा अगदी जवळून, नीट पाहिलं होतं.

नाही दिसला, दादा. तरी परीक्षा विभागाचा नियम आहे, परीक्षा दरवर्षी घ्यायची. पुढच्या भाऊबीजेला कपाळ घेऊन ये.

तुझी,
चंदा